‘अ‍ॅक्स टू ग्राइंड’ म्हणजे राग की मतलब?

डिचोलीची बाई
माझी लेक कळंगुटच्या एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहे. गेल्या आठवड्यात एका इंग्रज पाहुण्याचं तक्रारीचं पत्र आलं. सुरुवातच ‘आय हॅव नो अ‍ॅक्स टू ग्राइंड’ अशी. तिने साहेबांना सांगितलं, पाहुण्याच्या मनात राग नाही. पत्र बाजूला पडलं. दोन दिवसांनी तो काउंटरवर येऊन इतका संतापला की पोर रडत घरी आली. मी इतकी वर्षं शाळेत मराठी शिकवते, मलाही कुऱ्हाडीला धार लावणं म्हणजे सूड घ्यायची तयारी असंच वाटलं. खरा अर्थ काय? कुऱ्हाडीचं असं आणखी काय काय तिला ठाऊक असायला हवं?

जुना भाषांतरकार
ताई, लेकीला बोल लावू नका. हल्ली जुना राग या अर्थानेही ते वापरतात. पण मुळात ते आपली पोळी भाजून घेण्याबद्दल आहे. पाहुणा सांगत होता की यात माझा काही मतलब नाही, जे घडलं ते लिहितोय. म्हणजे पत्र जास्तच मनावर घ्यायला हवं होतं.

याच्यामागे एक गोष्ट आहे. ती पेनसिल्व्हेनियाच्या चार्ल्स मायनरने १८१० मध्ये छापली. पुष्कळजण चुकून बेंजामिन फ्रँकलिनच्या नावावर खपवतात. थंडीची सकाळ. कुऱ्हाडवाला माणूस एका पोराला गोड बोलून, तू किती हुशार म्हणत, धारेचं चाक फिरवायला लावतो. पोर धावत जाऊन गरम पाणी आणतं, हाताला फोड येईपर्यंत चाक फिरवतं. शाळेची घंटा होते, तरी सुटका नाही. धार लागल्यावर तोच माणूस खेकसतो, शाळा बुडवतोस होय, पळ! पुढे मोठेपणी दुकानदार गिऱ्हाइकाला फार आर्जवाने ब्रँडी चाखायला देताना दिसला की त्या पोराच्या मनात येतं, याला कुऱ्हाडीला धार लावून घ्यायची आहे.

‘बरी द हॅचेट’, म्हणजे छोटी कुऱ्हाड पुरणं, याचा अर्थ वैर मिटवणं. उत्तर अमेरिकेच्या मूळ रहिवाशांत तह करताना खरोखर शस्त्रं पुरायची रीत होती. ‘फ्लाय ऑफ द हँडल’ म्हणजे एकदम भडकणं. सैल दांड्यातून पातं निसटून कुणाच्या अंगावर जाईल सांगता येत नाही, तसं. काउंटरवर घडलं ते हेच.

मडगावचा गिटारवाला
हॉटेलात बँड येत असेल तर हेही सांगून ठेवा. वादक ‘माय अ‍ॅक्स’ म्हणाला तर ती त्याची गिटार. १९५० च्या दशकात जाझवाले सॅक्सोफोनला असं म्हणायचे, तिथून ते गिटारवर आलं.

सांग्याचा ट्रकवाला
‘गेट द अ‍ॅक्स’चा अर्थ मला कुणी सांगायला नको. सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या खाणींच्या ८८ लीज रद्द केल्या आणि मार्च २०१८ मध्ये खाणी थांबल्या, तेव्हा माझ्या ट्रकचे हप्ते चालू होते. आपल्याकडेही नोकरीवर कुऱ्हाड कोसळते असंच म्हणतात. पण बाईंनू, इंग्रजी पेपरात नुसतं ‘अ‍ॅक्स्ड’ असलं की माणसंच काढली असं समजू नका. विमान, कार्यक्रम, योजना, काहीही रद्द झालं तरी तोच शब्द. लेकीला चार्टर विमानांच्या बातम्या वाचाव्या लागत असतील, म्हणून लिहिलं.

डिचोलीची बाई
सगळ्यांचे मनापासून आभार. लेकीने काल रात्री बसून पाहुण्याला माफीचं पत्र लिहिलं, साहेबांनाही आपलं काय चुकलं ते सांगितलं.

मायनरच्या त्या पोरावरून आमच्या कुळागरातला, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेतला, नारळ पाडणारा पाडेली आठवला. माडावर चढण्याआधी तो विहिरीकडच्या दगडावर कोयता पाजवायचा आणि मला हाक मारायचा, ‘बाय, उदक घाल!’ मी करवंटीने थोडं थोडं पाणी सोडत राहायची. दगडावरून काळपट गाळ ओघळायचा, आणि तो मधूनमधून अंगठा पात्यावर आडवा फिरवून धार बघायचा. काम संपवून जाताना पहिला आडसर, म्हणजे कोवळा नारळ, तो माझ्यासाठीच तासायचा. धार लावणं म्हटलं की माझ्या डोळ्यापुढे तोच येत होता, म्हणून त्यात कुणाचा मतलब असेल हे मला सुचलंच नाही.