स्पेल पॉइंट: बेरीज तीच, खेळ वेगळा

डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) या रोल-प्लेइंग खेळात स्पेल, म्हणजे मंत्र, टाकायला एरवी प्रत्येक लेव्हलचे ठरावीक स्लॉट असतात; स्पेल पॉइंटच्या नियमात त्यांच्या जागी पॉइंटचा एकच साठा येतो. 'स्लॉटऐवजी पॉइंट घेतले तर फक्त हिशेब बदलतो' असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीतल्या (२०१४) डंजन मास्टर्स गाइड या नियमपुस्तकातला हा पर्यायी नियम पाचव्या लेव्हलच्या विझार्डला (जादूगाराला) लावून बघा. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या लेव्हलच्या स्पेलचे त्याचे स्लॉट ४, ३, २. पहिल्या लेव्हलच्या स्पेलला २ पॉइंट, दुसरीला ३, तिसरीला ५. म्हणजे ८+९+१०, एकूण २७. बेरीज तंतोतंत जुळते. पण स्लॉटमध्ये दिवसाला दोनच फायरबॉल (तिसऱ्या लेव्हलचा स्पेल), इथे पाच, वर २ पॉइंट शिल्लक! किंवा तेरा शील्ड (पहिल्या लेव्हलचा स्पेल).

स्पेलच्या सहाव्या लेव्हलपासून वरच्या प्रत्येक लेव्हलचा एकच स्लॉट, तोही लाँग रेस्टपर्यंत (पात्राच्या लांब विश्रांतीपर्यंत) एकदाच, असं बंधन आहे. खाली मात्र मोकळं रान. दिवसात एकच लढाई असेल तर विझार्ड सगळं तिथेच ओततो आणि फायटर (लढवय्या पात्र) बघत बसतो. म्हणून दोन लाँग रेस्टच्या मध्ये चार-पाच लढाया ठेवा, नाहीतर सर्वांत वरच्या लेव्हलचे स्पेल दिवसाला तीनच असा घरचा नियम करा.

आर्केन रिकव्हरीचंही (विझार्डला वापरलेले काही स्लॉट परत मिळवून देणारी क्षमता) आधीच ठरवा: या विझार्डला एकूण तीन लेव्हलचे स्लॉट परत म्हणजे ५ पॉइंट की ६? पहिल्या लेव्हलचे तीन स्लॉट धरले तर ६ होतात, आणि खेळाडू तेच धरणार.