विभागातल्या प्रिंटरला पासवर्ड लावायचा का?

टोनरग्रस्त: काल इथे एकांनी लिहिलंय की विद्यापीठातले प्रिंटर सारखे बंद पडतात कारण "लोकांना फुकटाची चटक लागलीय", म्हणून पासवर्ड लावा, माणशी महिन्याला १०० पानं द्या आणि पाठकोऱ्या कागदांवरच प्रिंट काढायची सक्ती करा. डोकंच फिरलं म्हणून वेगळा धागा काढतेय. अहो, पाठकोऱ्या कागदांनीच तर वाट लागते प्रिंटरची! आमच्याकडे जुन्या परिपत्रकांचा गठ्ठा ट्रेमध्ये कोंबतात, कोपऱ्यात स्टेपलरची पिन अर्धी तुटून तशीच असते, ती आत गेली की टोनर तापवून कागदावर पक्का करणाऱ्या फ्यूजरच्या फिल्मवर ओरखडा आणि मग प्रत्येक पानावर त्याच जागी डाग. फ्यूजर २०० अंशांच्या आसपास तापतो, त्यातून एकदा भाजून निघालेला कागद वाकडा होतोच, वर जुलैची दमट हवा. मग दोन-दोन पानं एकदम ओढली जातात, अडकतात, आणि आमचे विद्वान ती मागच्या बाजूने खस्सकन ओढतात. कागद वाचवला पन्नास पैशांचा आणि दुरुस्तीची फाइल फिरतेय दिवाळीपर्यंत.

माजी_अधीक्षक: पासवर्ड लावा म्हणणारा तो मीच. मॅडम, आमचा जन्म गेला विद्यापीठाच्या कार्यालयात. पाठकोरे आम्ही सायक्लोस्टाइलच्या काळापासून वापरतोय, काही बिघडत नव्हतं. २००० पानांचा टोनर पंधरवड्यात संपायचा, कुठे जायची पानं? सोसायटीच्या मीटिंगची नोटीस, मुलाच्या शाळेचं प्रोजेक्ट, सत्यनारायणाचं निमंत्रण. मार्चमध्ये आयकराच्या कागदांसाठी रांग लागायची, त्यात प्राध्यापकच पुढे. चटक नाही तर काय म्हणायचं याला?

रोलरवाला: साहेब, मी असले प्रिंटर रोज उघडतो. कार्ट्रिजवरची २००० पानं पानाचा ५ टक्केच भाग काळा धरून असतात, म्हणजे छोटंसं पत्र. तुम्ही काढणार तक्ते नि नॅकच्या मूल्यांकनाच्या अहवालातले फोटो, मग निम्म्यात संपणारच, चोरी कशाला हवी. वर तुमची रिफिल. स्वस्तातला रिफिलवाला वेस्ट टोनरचा कप्पा रिकामा करत नाही, ड्रम बघत नाही, नुसती पावडर ओतून निघून जातो. ती गळून आत पसरते. आणि पिकअप रोलर पुसा हो कधीतरी, फडकं किंचित ओलं करून, प्रिंटर बंद करून. गुळगुळीत झालेला असतो, कागद धरणार कसा?

युनिकोड_बाबा: पानं वाया जातात ती जुन्या फॉन्टच्या फायलींमुळे, हे कुणी बोलतच नाही! कार्यालयातली मराठी फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की सगळी गिचमीड, तरी लोक आधी प्रिंट देतात मग बघतात, तेही दहा प्रती. युनिकोड वापरा नाहीतर पीडीएफ करून पाठवा, किती वर्षं सांगतोय.

तासिका_तत्त्व: पासवर्ड कुणाकुणाला मिळणार तेवढं सांगा. मी सीएचबीवर, म्हणजे तासांच्या मानधनावर शिकवते. आमच्याकडे पासवर्ड लागला तेव्हा यादीत फक्त कायम लोक. अंतर्गत परीक्षेचा पेपर मी काढायचा, तपासायचा मीच, आणि प्रिंट काढायला जायचं गेटबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे. प्रश्नपत्रिका त्याच्या डेस्कटॉपवर, मागे पोरं रांगेत उभी, आणि आम्हाला गोपनीयतेची परिपत्रकं. मानधन तासांवर, तेही रखडलेलं, उन्हाळ्यात शून्य. त्यातून प्रिंटचे पैसे पण आम्हीच घालायचे?

माजी_अधीक्षक: ताई, पदभरतीची मंजुरी शासनाकडे असते. तो राग प्रिंटरवर कशाला?

पीएचडी_कधी_होणार: प्रिंटरवरच काढणार, शासन कुठे भेटतं आम्हाला! माझ्या गाइडना स्क्रीनवर वाचवत नाही, प्रत्येक प्रकरण कागदावर लागतं, डबल स्पेसिंग, एकाच बाजूला. वरून विचारतात "विभागाचा कागद वापरला नाहीस ना?"

कायम_पण_वैतागलेला: कायम लोकांना शिव्या घालायची फॅशनच झालीय. नॅक, प्रवेश, परीक्षेची ड्युटी, सगळं आमच्या गळ्यात, रिक्त जागांचं काम पण आम्हीच ओढतो. सीएचबीवाले तास संपला की बस पकडतात. प्रिंटरमध्ये कागद अडकला तर थांबतं का कुणी?

तासिका_तत्त्व: बस पकडतो कारण दुसऱ्या गावच्या कॉलेजात दुपारचा तास असतो, सर! एका ठिकाणच्या तासांवर घर चालतं का? गेल्या सत्रात तुमच्यासारख्याच एका सरांनी माझ्या हातातला कागद काढून घेतला, "हे डिपार्टमेंटचं आहे" म्हणून. विद्यार्थ्यांच्या हजेरीचा तक्ता होता तो. माझ्या घरचं बारसं नव्हतं.

कायम_पण_वैतागलेला: ते सर चुकले. पण मी तो नाही, मला ऐकवू नका.

टोनरग्रस्त: अहो, विषय फ्यूजरचा होता...

युनिकोड_बाबा: आणि फॉन्टचा.

रोलरवाला: फॉन्टचा नव्हता. कागदाचं रिम फोडलं की उरलेलं वेष्टनातच गुंडाळून ठेवा, पावसाळ्यात तरी. ७५ जीएसएम घ्या, पातळ नको. आणि पासवर्डने जॅम कमी होत नाही हे मी लिहून देतो.

माजी_अधीक्षक: ठीक आहे, पाठकोरे ट्रेमध्ये घालू नका, टिपणं लिहायला वापरा. झालं समाधान? पण पासवर्ड हवाच, कोण किती काढतं ते कळायला नको? हवं तर सीएचबीवाल्यांनाही द्या. त्यासाठी विभागप्रमुखांकडे रीतसर अर्ज करायचा, तीन प्रतींत.

तासिका_तत्त्व: तीन प्रती काढू कुठून? मेल करते ना.

माजी_अधीक्षक: मेल चालणार नाही. आवक-जावकचा शिक्का कशावर मारणार?