स्टार जोडणीत मोटर 200 फेऱ्यांवर रेंगाळते; टॉर्कचा आलेख कसा वाचावा?

नमस्कार. आमच्या गुऱ्हाळावर उसाच्या चरकाला 10 अश्वशक्तीची (7.5 किलोवॅट, 415 व्होल्ट, मिनिटाला 1450 फेरे) स्क्विरल केज इंडक्शन मोटर असून ती स्टार-डेल्टा स्टार्टरवर (सुरुवातीला स्टार जोडणीत कमी व्होल्टेज, मग डेल्टा जोडणीत पूर्ण व्होल्टेज देणारा) चालते. चरक रिकामा असेल तर ती बिनतक्रार वेग घेते. मात्र गाळप चालू असताना वीज गेली आणि लाटांमध्ये (चरकाच्या रोलरमध्ये) ऊस तसाच राहिला, की पुन्हा सुरू करताना मोटर घुमते, कशीबशी फिरू लागते आणि तिथेच रेंगाळते. आठ सेकंदांनी टायमर डेल्टावर गेला की पट्टा किंचाळतो आणि बहुतेक वेळा ओव्हरलोड रिले (जादा प्रवाहावर मोटर बंद करणारा) ट्रिप होतो. मग लाटा सैल करून ऊस हाताने ओढून काढावा लागतो, आणि काहिलीतला रस काही आमच्यासाठी थांबत नाही.

माझा हिशेब असा. पूर्ण भाराचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) 9550 × 7.5 ÷ 1450, म्हणजे सुमारे 49 न्यूटन-मीटर. सुरुवातीचा टॉर्क पाटीवर दिलेला नाही, तो दुप्पट धरला तर 98; स्टारमध्ये त्याचा एक तृतीयांश, म्हणजे जेमतेम 33. टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो आणि आमच्याकडे संध्याकाळी 370 व्होल्टच मिळतात, म्हणून हाती उरतात फक्त 26. उलट चरकाचा भार पंख्यासारखा वेगाबरोबर वाढत नाही, तो पहिल्या फेऱ्यापासून जवळपास तेवढाच असतो.

इथपर्यंत समजते. पण टॅकोमीटरने मोजलेला वेग दर वेळी मिनिटाला 200 फेऱ्यांच्या आसपासच का येतो? चार पोलच्या मोटरचा समकालिक वेग (तिच्या चुंबकीय क्षेत्राचा फिरण्याचा वेग) 1500, त्याचा सातवा भाग 214. सातव्या हार्मोनिकमुळे (चुंबकीय क्षेत्राच्या मूळ लहरीत मिसळलेल्या सातपट बारीक लहरीमुळे) मोटर याच वेगाच्या किंचित खाली अडकते, असे पदविकेला शिकलो होतो. हे तेच क्रॉलिंग आहे, की भाराची रेषा स्टारच्या टॉर्क-वेग आलेखाला योगायोगाने तिथे छेदते? दोन्हींतला फरक जागेवर ओळखण्याची काही रीत आहे का?

टायमरची वेळ वाढवा, असे वायरमन म्हणतात. मला ते पटत नाही, कारण मोटर तिथेच अडकली असेल तर वीस सेकंदांतही ती पुढे सरकणार नाही, फक्त वाइंडिंग तापेल. व्हीएफडीने (वारंवारता बदलून मोटरचा वेग बदलणाऱ्या उपकरणाने) व्होल्टेज आणि वारंवारतेचे गुणोत्तर राखून कमी वेगालाही पुरेसा टॉर्क मिळतो, हे ठाऊक आहे. पण 370 व्होल्टवर तो 10 अश्वशक्तीचाच घ्यावा की एक पायरी मोठा, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.