ल्हासा-कैलास: आधीचा चिनी व्हिसा असला तरी

काठमांडूवरून तिबेटला जायचंय आणि पासपोर्टवर आधीचा चिनी बिझनेस व्हिसा आहे, तो चालेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही चालत. उलट नेपाळमार्गे जाताना चिनी दूतावासातून ग्रुप व्हिसा घ्यावाच लागतो आणि तो काढताना पासपोर्टवरचा जुना व्हिसा रद्द होतो. महागातला बहुप्रवेश व्हिसा असेल तर आधी विचार करा.

हा ग्रुप व्हिसा म्हणजे पासपोर्टवरचा शिक्का नव्हे, सुटा कागद. त्यावर सगळ्यांची नावं ओळीने. नेपाळ-तिबेट सीमेवरच्या केरुंगच्या नाक्यावर आम्हाला त्याच क्रमाने उभं केलं होतं. माझा नंबर सातवा, बायकोचा अकरावा, आणि दोघांचे पासपोर्ट तिच्या पर्समध्ये! एकाच कागदावर असल्याने बाहेरही सगळ्यांनी एकत्रच पडायचं. मध्येच एकट्याने परतायचं म्हटलं तर वेगळी कागदपत्रं आणि डोकेदुखी.

तिबेटचं परमिट वेगळं. ते ल्हासाच्या पर्यटन खात्याकडून एजन्सीमार्फतच मिळतं, स्वतः अर्ज करता येत नाही. आमच्या एजंटाने वडिलांचं नाव एक अक्षर गाळून पाठवलं, त्यात चार दिवस काठमांडूत गेले. तेव्हा यादी पाठवण्याआधी पासपोर्टशी अक्षरन् अक्षर ताडून घ्या.

फेब्रुवारी-मार्चचा बेत मात्र नकोच. त्या सुमारास परदेशी पर्यटकांना तिबेट बहुतेक बंदच असतं.