काळ्या मातीवर वर्कशॉपचा कोबा: पैसे खोदाईत घालू की सळईत?

मंडळी, मदत हवी आहे.

गाव बार्शी तालुक्यात. घराला लागून 15 बाय 20 फुटांची पत्र्याची शेड आहे. आत अर्ध्या टनाचा लेथ, वेल्डिंगचं टेबल, आणि महिन्यातून दोनचारदा पिकअपही आत घ्यावी लागते. सहा वर्षांपूर्वी 3 इंचांचा कोबा केला. आता पश्चिमेच्या भिंतीपासून दोनेक फुटांवर, भिंतीला समांतर भेग गेलीय. पाच रुपयांचं जुनं जाड नाणं उभं आत जातं. पावसाळ्यात भिंतीकडची पट्टी अर्धा इंच उचलते, उन्हाळ्यात परत खाली बसते.

धुळीचा वैताग वेगळाच. झाडू मारला की राखाडी पूड उडते आणि लेथच्या बेडवर तेलात कालवली जाते. कोबा करताना वर पाणी सुटलं म्हणून मिस्त्रीने कोरडं सिमेंट भुरभुरून घोटलं होतं. आरशासारखं दिसलं, मीच खूश होऊन त्याला चहा पाजला!

आता सगळं फोडून 5 इंचांचा करायचाय. खड्डा घेऊन पाहिलं, काळी माती चार फुटांपर्यंत आहे. मिस्त्री म्हणतो, अर्धा फूट मुरूम आणि 8 मिमी सळईची जाळी टाका, हत्ती नाचवा. मेव्हणा म्हणतो, सळईचे पैसे खोदाईत घाला. दोन्हीला बजेट पुरत नाही. काय करू?

प्रतिसाद १
आधी एक सांगा, पत्र्याचं पाणी कुठे पडतं?

धागाकर्ता
पश्चिमेलाच. पन्हळ नाही, भिंतीच्या बुडात पडतं.

प्रतिसाद १
मग दुखणं तिथंच आहे. काळी माती पाण्याने फुगते, सुकली की आक्रसते. सळई कोब्याला भेग पडू देणार नाही असं नाही, पडलेली भेग फाकू देत नाही एवढंच. मेव्हण्याचं ऐका. निदान दोन फूट माती काढा, मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत पाणी मारून धुम्मस करा (ठोकून दाबा). पण पन्हळ लावून पाणी लांब नेलं नाही, तर तो मुरमाचा खड्डा म्हणजे जमिनीखालचा हौदच होईल. वर प्लास्टिकचा कागद, भिंतीकडेने अर्धा इंच थर्माकोल. पैसे उरले तर जाळी, तीही कव्हर ब्लॉकवर (जाळी उचलून धरणारे छोटे ठोकळे). मातीवर पसरून ओतताना हुकाने वर ओढतात, ती परत तळाला जाते.

प्रतिसाद २
माल सव्वा ब्रास (125 घनफूट) होईल, 1:1.5:3 ने (सिमेंट, वाळू, खडी) 28-30 गोणी सिमेंट धरा. गोणीला 25 लिटर पाणी, वाळू ओली असेल तर त्याहून कमी. सुटलेलं पाणी जिरल्याशिवाय थापी लावू देऊ नका, आणि वरून सिमेंट अजिबात नाही, तुमची धूळ त्यातूनच आहे. दुसऱ्याच दिवशी कटरने सव्वा ते दीड इंच खोल काप घ्या, मधोमध दोन्ही दिशांनी, म्हणजे साडेसात बाय दहा फुटांचे चार तुकडे पडतील आणि भेग पडलीच तर कापातच पडेल. पीपीसी (राख मिसळलेलं सिमेंट) असेल तर या उन्हात 14 दिवस आळी (छोटे बांध) करून पाणी उभं ठेवा. गोणपाटावर सकाळ-संध्याकाळ पाइप फिरवणं म्हणजे क्युरिंग नव्हे.

धागाकर्ता
आभार. पत्रेवाला पन्हळीसाठी उद्या येतोय, खोदाई सोमवारी. मिस्त्रीला बादली मोजून पाणी घालायला कसं लावायचं, तेही कुणीतरी सांगा. तो म्हणतो, "दादा, माल हाताला कळतो."