गायक काळी एकचा, बेस गिटार चार तारांची, गाठीला साठ हजार रुपये : आधी काय घ्यावे?

प्रश्न (अंबाजोगाई)

सर्वांना सप्रेम जय भीम.

अंबाजोगाईच्या एका वाद्यवृंदात मी गेली सहा वर्षे बेस गिटार वाजवतो. जानेवारीत नामविस्तार दिन, एप्रिलमध्ये ११ तारखेच्या फुले जयंतीपासून महिनाअखेरपर्यंत भीमगीतांचे कार्यक्रम, मग लग्नसराई आणि पुढे गणपती-नवरात्र असे आमचे वर्षाचे चक्र आहे. बहुतेक सुपाऱ्या बीड, परभणी, लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतल्या गावांच्या असतात. आमचा स्वतःचा ध्वनिसंच नाही. आयोजकांनी जो साऊंडवाला ठरवला असेल, त्याच्या मिक्सरला जोडून वाजवावे लागते.

माझी गिटार चार तारांची, दोन सिंगल कॉइल पिकअपची (पिकअप म्हणजे तारेचे कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग; सिंगल कॉइल म्हणजे एकाच वेटोळ्याचा) आणि पॅसिव्ह, म्हणजे बॅटरीशिवाय चालणारी आहे. ती मी छत्रपती संभाजीनगरात एका वादकाकडून वापरलेली घेतली होती. माझ्याकडे अँप नाही. मिक्सर लांब असतो, म्हणून पंधरा मीटरची वायर करून घेतली आहे आणि ती थेट मिक्सरला लावतो.

अडचणी तीन आहेत. तालमीच्या खोलीत भरदार वाटणारा आवाज मांडवात गेला की नुसता घुमतो आणि कोणता स्वर वाजतो आहे ते आमच्याच गायकाला कळत नाही. जनरेटर लागला की गाणे संपल्यावर शांततेतही घरघर ऐकू येत राहते, आणि भाषणाच्या वेळी तर मला आवाज पूर्ण बंद करून बसावे लागते. तिसरी अडचण अशी की आमचे मुख्य गायक काळी एकमध्ये (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीला षड्ज धरून) गातात आणि त्या पट्टीचा खालचा षड्ज माझ्या गिटारवर मिळतच नाही.

दोन हंगामांच्या बिदागीतून साठ हजार रुपये बाजूला ठेवले आहेत. पाच तारांची नवी अॅक्टिव्ह (बॅटरीवर चालणारी) गिटार घ्यावी की मोठा अँप घ्यावा? दुकानात वाजवून पाहताना नेमके काय पाहावे, हेही जाणत्यांनी कृपया सांगावे.

उत्तर (परभणी)

दादा, जय भीम. मी वीस वर्षांहून अधिक काळ हेच वाद्य वाजवतो आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आपण गिटार आणि अँप यांच्यातली निवड विचारली आहे, पण आपल्या पहिल्या अडचणीचे मूळ मला या दोन्हींत दिसत नाही. ते त्या पंधरा मीटरच्या वायरमध्ये दिसते. पॅसिव्ह पिकअपमधून येणारा सिग्नल नाजूक असतो. गिटारची साधी वायर पाच-सहा मीटरच्या पुढे गेली की त्या सिग्नलमधला वरचा, स्वर ओळखू देणारा भाग वायरमध्येच मरतो आणि उलट वाटेतली घरघर आत शिरते. शिवाय मिक्सरचे साधे इनपुट अशा पिकअपसाठी केलेले नसते. त्याला जवळजवळ एक मेगाओहमचे इनपुट हवे असते. ते न मिळाल्यामुळे तार छेडल्याचा स्पष्टपणा जातो आणि मांडवात पोहोचतो तो फक्त घुमारा.

यावरचा उपाय म्हणजे डीआय बॉक्स, म्हणजे गिटारचा सिग्नल मिक्सरला चालेल असा करून देणारी लहान पेटी. गिटारपासून डीआयपर्यंत तीन मीटरची चांगली वायर, आणि तेथून मिक्सरपर्यंत माईकची एक्सएलआर वायर. ती संतुलित (वाटेत शिरलेली घरघर पलीकडे खोडली जाईल अशी) असल्यामुळे तीस-चाळीस मीटर गेली तरी बिघडत नाही. आपली गिटार पॅसिव्ह आहे, म्हणून डीआय अॅक्टिव्ह घ्यावा. पॅसिव्ह डीआय कीबोर्डला किंवा अॅक्टिव्ह गिटारला शोभतो. अॅक्टिव्ह डीआयला मिक्सरकडून ४८ व्होल्टची फँटम पॉवर (माईकच्याच वायरीतून येणारी वीज) लागते आणि गावाकडच्या मिक्सरवर ती मिळेलच असे नाही, त्यामुळे ९ व्होल्टच्या बॅटरीवरही चालणाराच घ्यावा. आपल्या साठ हजारांतला लहानसा वाटा यात जाईल, पण फरक याच खर्चाने सर्वांत जास्त पडेल.

मोठ्या अँपविषयी माझा अनुभव सांगतो. मी दोन हंगाम एक जड अँप टेम्पोत घालून गावोगाव नेला. चौथ्या रांगेच्या मागे बसलेल्या माणसाला त्यातले काहीच ऐकू जात नव्हते. त्याच्यापर्यंत जे जात होते ते साऊंडवाल्याच्या बॉक्समधून. वॉटच्या आकड्यालाही भुलू नये. शंभर वॉटचा दोनशे वॉट केला तर आवाज अवघा ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला दुप्पट मोठा वाटायचा असेल तर सुमारे दहापट वॉट लागतात. स्पीकरची संवेदनशीलता ३ डेसिबलने अधिक असेल तर तेवढाच लाभ वॉट न वाढवता मिळतो, म्हणून माहितीपत्रकात तो आकडा अवश्य पाहावा. आपल्यासाठी अँप म्हणजे मंचावर स्वतःला आणि ढोलकीवाल्याला ऐकू येण्यापुरते साधन आहे, आणि त्यासाठी लहान कॉम्बो (अँप आणि स्पीकर एकाच पेटीत) पुरतो.

आता काळी एकचा प्रश्न. चार तारांच्या गिटारची सर्वांत खालची तार पांढरी तीनची, म्हणजे ४१.२ हर्ट्झची. काळी एकचा खालचा षड्ज ३४.६ हर्ट्झवर येतो, तो खरोखरच तिच्याखाली राहतो. मात्र त्या पट्टीतला मंद्र पंचम आपल्याकडे त्याच तारेच्या चौथ्या फ्रेटवर (दांड्यावरच्या आडव्या पट्टीवर) ५१.९ हर्ट्झला आहे, आणि षड्ज त्याच्या शेजारच्या तारेवर चौथ्याच फ्रेटवर ६९.३ हर्ट्झला आहे. पंचमावरून षड्जावर येणारी चाल नीट बांधली तर खालच्या षड्जाची उणीव श्रोत्याला सहसा जाणवत नाही. ज्या गावात फक्त बारा-पंधरा इंची टॉप (मुख्य स्पीकर) लावलेले असतात आणि वेगळे बेस बॉक्स नसतात, तेथे ३४ हर्ट्झ बाहेर येतच नाही. ऐकू येतो तो त्याच्या दुपटीचा ६९चा स्वर, आणि तो तर आपण आजही वाजवू शकता. म्हणून पाच तारांची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर (जालना, ध्वनिव्यवस्था)

मी मिक्सरच्या पलीकडच्या बाजूने लिहितो. वरच्या उत्तराशी बहुतांशी सहमत आहे; घरघरीबद्दल भर घालतो.

आपल्या गिटारवर दोन सिंगल कॉइल पिकअप आहेत. १९६० साली आलेल्या फेंडरच्या जॅझ बेसची हीच रचना आहे. आपल्या गिटारचे दोन पिकअप एकमेकांच्या उलट गुंडाळलेले असतील, तर दोन्हींचे नॉब पूर्ण उघडे असताना ते परस्परांची घरघर खोडून काढतात आणि एकाचा आवाज कमी केला की ती परत येते. प्रिसिजन बेस १९५१चा आहे. त्याला १९५७मध्ये जो दुभंगलेला पिकअप बसवला गेला, त्यात ही खोडण्याची सोय एकाच पिकअपमध्ये झालेली आहे.

परीक्षा अशी करावी. गिटारचा आवाज शून्यावर आणला तरी घरघर राहत असेल तर दोष वायरमध्ये किंवा अर्थिंगमध्ये आहे. आवाज वाढवल्यावर ती येत असेल आणि आपण जागेवर वळलात की कमी-जास्त होत असेल, तर ती पिकअप पकडतो आहे. अशा वेळी ट्रान्सफॉर्मर, मंद होणारे दिवे आणि जनरेटरच्या वायरींपासून दूर उभे राहावे. डीआयवर ग्राउंड लिफ्टचे बटण असते. आपला अँप आणि आमचा मिक्सर वेगवेगळ्या ठिकाणांहून वीज घेत असतील, तर त्यामुळे होणारी घरघर त्या बटणाने जाते; पिकअपची जात नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे आणि हा आकडा पांढरी पाच व काळी चार यांच्या मध्ये पडतो, त्यामुळे ही घरघर बेसच्याच प्रदेशात एक बेसूर स्वर होऊन बसते आणि आम्हाला ती मिक्सरवरून कापता येत नाही. तिच्याबरोबर आपले स्वरही कापले जातात.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. घरघर घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन कोणीही काढू नये. जनरेटरला जमिनीत अर्थिंगचा रॉड ठोकलेला आहे का, हे वाजवण्यापूर्वी विचारावे. तारांना हात असताना माईकला ओठ लागून मुंग्या आल्या, तर तेथेच वाजवणे थांबवावे आणि टेस्टरने तपासून घ्यावे. ओल्या मैदानावर पावसाळ्यातल्या कार्यक्रमात हे जिवावर बेतू शकते.

घुमण्याचे आणखी एक कारण वाद्यवृंदातच असते. कीबोर्डवाल्याचा डावा हात, ढोलकीची खर्जाची बाजू आणि बेस गिटार हे तिघे एकाच जागेत गर्दी करतात. मी प्रत्येक कार्यक्रमात कीबोर्डवाल्याला डावा हात हलका ठेवायची विनंती करतो, आणि बेसच्या वाहिनीवर ३५-४० हर्ट्झच्या खालचे सगळे गाळून टाकतो. बेसचा आवाज न वाढवताही मग स्वर सुटे ऐकू येतात.

उत्तर (लातूर)

परभणीच्या सरांचा आदर राखून थोडी वेगळी बाजू मांडते. मोठ्या जयंतीला अठरा इंची बेस बॉक्सची भिंतच उभी असते. तेथे काळी एकचा तो खालचा षड्ज पोटात जाणवतो, आणि पंचमावरून केलेली चाल कितीही सुंदर असली तरी त्याची जागा घेत नाही. मी चार वर्षे पाच तारा वाजवते आहे आणि परत जाणार नाही. मात्र आज मोठे मंच वर्षाला किती मिळतात, हे मोजूनच निर्णय घ्यावा.

दुकानात पाहण्याच्या गोष्टींकडे वळते. गिटार बसून नव्हे, पट्टा लावून उभ्याने किमान अर्धा तास वाजवावी. हात सोडल्यावर नेकची (दांड्याची) बाजू खाली झुकत असेल, तर चार तासांच्या कार्यक्रमात डावा खांदा आणि मनगट दोन्ही दुखतात. वजन चार किलोच्या आसपास ठीक असते. त्याहून जड असेल तर रुंद पट्ट्याशिवाय घेऊ नये. पाच तारांच्या गिटारवर सर्वांत जाड तार अँपशिवाय वाजवून पाहावी. ती ढिली, पिठासारखी वाटली आणि तिच्या पाचव्या फ्रेटचा स्वर शेजारच्या मोकळ्या तारेइतका ठाम नसेल, तर पाचवी तार केवळ शोभेची आहे, असे समजावे. खरी चाचणी दुकानात होतच नाही. शक्य असेल तर ओळखीच्या वादकाची गिटार एक तालीम मागून घ्यावी आणि ढोलकी व कीबोर्ड चालू असताना खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभे राहून कोणाकडून तरी ती वाजवून ऐकावी. एकट्याने वाजवताना गोड वाटणारा स्वर वाद्यवृंदात हरवतो आणि थोडा खरखरीत वाटणारा उठून दिसतो, हे तेव्हाच कळते.

अॅक्टिव्ह गिटारची बॅटरी जॅक लावलेला असेपर्यंत खर्च होत राहते. कार्यक्रम संपताच जॅक काढावा आणि खिशात दुसरी बॅटरी ठेवावी.

नवे काही घेण्याआधी आपलीच गिटार कारागिराकडून सेट करून घ्यावी, हेही सांगते. पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून धरला असता सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांत व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी फट असावी. आपल्याकडे मे महिन्यातली कोरडी उष्णता आणि त्यानंतरची दमट हवा यांमुळे ही फट बदलते, म्हणून वर्षातून दोनदा तरी पाहावी. ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक बदलणारी सळई) एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नये. बाराव्या फ्रेटचा दाबलेला स्वर आणि तेथलाच हार्मोनिक (तारेला नुसते बोट टेकवून काढलेला स्वर) जुळत नसेल, तर आपण कितीही सुरात वाजवले तरी वरचे स्वर बेसूर लागणार. उन्हात उभ्या टेम्पोत गिटार ठेवू नये, हे तर आपण जाणताच.

प्रश्नकर्ता (अंबाजोगाई)

सर्वांचे मनापासून आभार. ओळखीच्या एका साऊंडवाल्याकडून डीआय मागून घेतला आणि काल परळीच्या एका लग्नात वापरला. दोन्ही नॉब पूर्ण उघडे ठेवल्यावर घरघर जवळजवळ गेली. मी इतकी वर्षे पुढचा पिकअप अर्धा बंद करून वाजवत होतो. गायकांनी स्वतःहून विचारले की आज नवी गिटार आणली का. फट पाहिली, ती कार्डाच्या तिप्पट होती.

ताईंनी सांगितल्याप्रमाणे मागच्या वर्षीची वही काढून मोजले. बेस बॉक्सची भिंत असलेले मंच वर्षभरात नऊच होते, पण त्यांतले सात एप्रिलमधले. त्या सात रात्रींसाठी खालचा षड्ज मला हवा आहे, हेही खरे. आहे त्याच गिटारवर तो मिळवण्याचा काही मार्ग आहे का?

उत्तर (परभणी)

आहे. पाच तारांचा संच घ्यावा, त्यातली सर्वांत बारीक तार बाजूला ठेवावी आणि उरलेल्या चार चढवाव्यात. खालची तार पांढरी सातची, ३०.९ हर्ट्झची होते आणि काळी एकचा षड्ज तिच्या दुसऱ्या फ्रेटवर मिळतो. वरचे पाच स्वर जातात, पण आपल्या गाण्यांत ते क्वचितच लागतात. जाड तारांसाठी नटच्या (नेकच्या टोकाला तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीच्या) खाचा रुंद कराव्या लागतील आणि त्या पुन्हा अरुंद करता येत नाहीत. म्हणून कारागिराला दुसरा नट बसवायला सांगावे आणि जुना डबीत जपून ठेवावा. तारा बदलल्यावर नेकची फट आणि बाराव्या फ्रेटचा स्वर पुन्हा तपासावा लागेल. हे काम मार्चमध्येच उरकून घ्या, म्हणजे ११ एप्रिलपर्यंत बोटांना नव्या जागा सवयीच्या होतील.

ताईंचे भिंतीबद्दलचे म्हणणे मला मान्य आहे. मी लहान मंच डोळ्यांसमोर ठेवून लिहिले होते.