मीटरची बॅटरी बदलण्याआधी कॅल रॅम (कॅलिब्रेशनचे आकडे ठेवणारी मेमरी) वाचून ठेवा, एवढं सांगायलाही धागा काढावा लागतोय

पेठेतला मीटरवाला
परवा जुन्या बेंच मीटरच्या (टेबलावर ठेवायच्या मल्टिमीटरच्या) चर्चेत ओहमकार यांनी ठोकून दिलं, "३४७८ए ची बॅटरी ३० वर्षं टिकली, अजून टिकेल. बदलायची वेळ आलीच तर बदला आणि लॅबमधून कॅलिब्रेट करून आणा. बॅकअप वगैरे रिकामटेकड्यांचे उद्योग." वर लोकांनी अंगठेही दिले! म्हणून हा प्रपंच.

एचपीच्या ३४७८ए, ३४५७ए मध्ये प्रत्येक रेंजचा ऑफसेट आणि गेन (शून्य आणि पट दुरुस्त करणारे आकडे) सीमॉस रॅममध्ये, म्हणजे वीज तुटली की पुसल्या जाणाऱ्या मेमरीत असतो आणि ती रॅम जगते ३ व्होल्टच्या लिथियम सेलवर, जो बोर्डाला सोल्डर केलेला आहे. लिथियमचा व्होल्टेज शेवटपर्यंत जवळपास सपाट राहतो आणि मग एकदम बसतो. त्यामुळे "मी मोजला, २.९ आहे" याला काडीचा अर्थ नाही.

३४७८ए चं सगळं २५६ निबलांत (निबल म्हणजे अर्धा बाइट) मावतं. जीपीआयबीवर, म्हणजे मीटर कॉम्प्युटरला जोडायच्या मागच्या पोर्टवर, डब्ल्यू हे अक्षर पाठवा, पाठोपाठ पत्त्याचा एक बाइट. एक अक्षर परत येतं. पूर्ण डंप म्हणजे ॲट चिन्हापासून कॅपिटल ओ पर्यंतच्या अक्षरांची एक निरर्थक ओळ. पण ती गेली की मीटर म्हणजे नुसतं शोभेचं खोकं. जीपीआयबीचं कार्ड महाग वाटतं? आर्डुइनोच्या छोट्या बोर्डावर एआर४८८ हा जीपीआयबीचा प्रोग्रॅम टाका. एका संध्याकाळचं काम आहे हो.

ओहमकार
माझ्या नावाने धागा! भरून पावलो.
साहेब, बॅकअप म्हणजे कॅलिब्रेशन नव्हे. रॅममधले आकडे कुणीतरी कधीतरी भरलेले. तेव्हापासून मीटरमधला व्होल्टेज रेफरन्स सरकला, रेझिस्टर सरकले. जुनी चूक जपून ठेवायची आणि परत भरायची, याला तुम्ही अचूकता म्हणता? माझ्याकडे ३४५६ए आहे, त्यात ट्रिमर आहेत, रॅमची भानगडच नाही. ज्यांना झोप येत नाही त्यांनी ३४४०१ए घ्यावा, त्यात ईईप्रॉम आहे, बॅटरीशिवाय टिकणारी मेमरी.

भोसरीकर
"लॅबमधून आणा" म्हणणाऱ्यांनी लॅबचं काउंटर पाहिलंय का कधी? लॅबसाठीच्या आयएसओ १७०२५ खाली कॅलिब्रेशन म्हणजे मानकाशी तुलना आणि रिपोर्ट. ॲडजस्टमेंट, म्हणजे मीटरचे आकडे दुरुस्त करणं, वेगळी. ती मागावी लागते, आणि असल्या म्हाताऱ्या मीटरला हात लावायला कुणी तयार नसतं. आमच्या वर्कशॉपचा ३४७८ए रॅम उडालेल्या अवस्थेत एका लॅबला पाठवला. चकचकीत स्टिकर लावून परत आला. सोबत रिपोर्ट: सगळ्या रेंज फेल. बिल पूर्ण.

ओहमकार
मग लॅब बदला. मीटरचा काय दोष?

सोल्डरबुवा
मूळ मुद्दा सगळ्यांनीच सोडलाय. बॅकअप घ्या, न घ्या. रॅम मरते ती बॅटरी संपून नाही, तुमच्या पुण्याच्या तापकीर गल्लीतल्या दोन पिनच्या सोल्डरिंग गनने! टोकाला टेस्टर लावून बघा, निऑन मिणमिणतो. ती गळती थेट सीमॉसच्या पायात. समांतर सेल लावून हॉट स्वॅप करणारे, म्हणजे रॅमची वीज न तोडता सेल बदलणारे शहाणे नेमकं इथेच मरतात.

पेठेतला मीटरवाला
तीन पिनची घ्या ना मग.

सोल्डरबुवा
तीन पिनची घेऊन अर्थिंग कुठे आहे? पेठेतल्या वाड्यात राहता ना? बोर्डातली वरची मोठी पिन उघडून बघा, तार कुठे जाते ते. आमच्याकडे ती भिंतीत शिरत होती आणि तिथेच संपत होती. वायरमन म्हणे, "शोसाठी ठेवलीय काका."

वाडा ते फ्लॅट
फ्लॅटमध्ये काय वेगळं दिवे लागलेत? बिल्डरने अर्थिंगचा खड्डा केला, त्यावर सोसायटीने पार्किंगचे पेव्हर बसवले. पाणी कुठून घालणार? तीन वार्षिक सभांत विषय काढला. चेअरमन म्हणतात, "आजवर कुणाला शॉक बसलाय का?"

भोसरीकर
सभेत पार्किंग सोडून दुसरा विषय निघाला हेच नवल. बाय द वे, आमच्याकडे गुरुवारी लाईट जाते, तेव्हा गनही बंद आणि गळतीही. सगळ्यात सुरक्षित दिवस.

ओहमकार
आता अर्थिंगवरच बोला. बॅकअपवाल्यांकडचा दारूगोळा संपलेला दिसतोय.

पेठेतला मीटरवाला
दारूगोळा नाही, समजावण्याची हौस संपली. गन तापवा, प्लग काढा, मग टाका लावा. झालं अर्थिंग पुराण. आणि टाका चुकला तर? तेव्हा ती २५६ अक्षरंच हाताशी लागतात. पुढच्या पॅनलवरचा कॅल एनेबलचा स्लॉट फिरवून ती परत लिहिता येतात.

डलासपीडित
तुम्ही निदान सेल बाहेर असलेल्या मीटरवर भांडताय. ३४५८ए मध्ये सेल चिपच्या पोटात आहे. चिप बनवणाऱ्या डलास कंपनीने १० वर्षांची हमी दिली, मीटर बाजारात आला १९८९ च्या सुमारास. हिशेब करा. मी विकत घेतला तेव्हा विकणारा छातीठोकपणे म्हणाला, "सर, एकदम ओरिजिनल, काही बदललेलं नाही." तेच तर दुखणं! चिप काढून प्रोग्रॅमरवर (चिप वाचायच्या यंत्रावर) वाचेपर्यंत घरात कुणाशी धड बोललो नाही. ओहमकार म्हणतात ती जुनी चूक मला चालेल. साडेआठ डिजिटच्या मीटरची कोरी पाटी नाही चालणार. निदान दर वर्षीचे डंप शेजारी ठेवले तर प्रत्येक ॲडजस्टमेंटला आकडे किती हलवावे लागले ते दिसतं. लॅबचा स्टिकर ते सांगत नाही.

ओहमकार
हे मान्य. म्हणजे ३४५८ए पुरतं. ज्यांच्याकडे लाखोंचं यंत्र आहे त्यांनी खुशाल घाबरावं. माझ्या ३४७८ए वर मी एलईडीचे रेझिस्टर मोजतो.

भोसरीकर
थांबा. वर तर ३४५६ए आहे म्हणालात. ३४७८ए पण आहे?

ओहमकार
आहे. मंगळवार पेठेत जुन्या बाजारात मिळाला. रविवारी. मग?

सोल्डरबुवा
सेल मूळचाच?

ओहमकार
बघितलं नाही उघडून. चालू होतो, आकडे दाखवतो. तुमच्यासारखी दर आठवड्याला पोटं फाडायची सवय नाही आम्हाला.

एआर४८८ टाकलेला आर्डुइनो कुणाकडे उसना मिळेल का? बॅकअपसाठी नव्हे. सहज.

पेठेतला मीटरवाला
रविवारी या. चारनंतर, आधी नाही. जीपीआयबीची केबल माझ्याकडे आहे. गन आणू नका.